नेव्हने कापलेली व्हॅन

नेव्हिल बॅगनलने माझा नवरा मारला, हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते. पोलिसांनी तसं लिहिलं नाही, मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने तसं म्हटलं नाही, आणि आमच्या लीक गावच्या बाजारात कुणालाही विचारलंत तर सांगतील की ग्लेंडा टनिक्लिफचं डोकं ठिकाणावर नाही, नेव्ह तर क्लाइव्हचा शाळेपासूनचा दोस्त. दोस्त होताच. शवपेटीचा पुढचा कोपरा त्याच्याच खांद्यावर होता, आणि चर्चमध्ये त्याने असं भाषण केलं की म्हाताऱ्या बायका रुमाल पिळत बसल्या. मी एकटीच कोरडी होते. मी त्याच्या हातांकडे बघत होते.

क्लाइव्हची व्हॅन सत्तावन्न सालची, जर्मन, पुढची काच मधोमध दुभागलेली. आमच्या लग्नाआधीपासून ती त्याच्याकडे. आत त्याने खाट केली, कपाट केलं, एक छोटं सिंक बसवलं. वेल्सचा किनारा आम्ही तिच्यात झोपून पाहिला. खाटेच्या फळ्या मी स्वतः घासून गुळगुळीत केल्या होत्या, आणि वीस वर्षं त्यावर झोपून माझ्या पाठीने त्या आणखी गुळगुळीत केल्या.

त्या काळच्या गाड्यांना मागच्या बाजूला एक खोड असते. मागच्या आसाचे दोन तुकडे, आणि प्रत्येक तुकडा फक्त आतल्या टोकाला, गिअरबॉक्सपाशी, बिजागरीसारखा हलतो. बाहेरच्या टोकाला चाक घट्ट जखडलेलं. गाडी वळणावर जोरात असताना घाबरून पेडलवरचा पाय उचलला, की गाडीची मागची बाजू वर उचलली जाते आणि बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं, पाय मुरगळावा तसं. मुरगळलेल्या पायावर माणूस उभा राहत नाही, गाडीही राहत नाही. नंतरच्या गाड्यांमध्ये हे बदललं. प्रत्येक चाकाला धरणारा वेगळा दांडा आला, आसाला दोन्ही टोकांना सांधे आले, म्हणजे गाडी वर जावो की खाली, चाक आपलं सरळ. जुन्या व्हॅनलाही हे नवं सस्पेन्शन बसवता येतं. त्यासाठी जुना आस काढायचा, खालची आडवी नळी घासायची, थोडं कापायचं आणि त्या नळीवर नवे दांडे अडकवायला लोखंडी कान वेल्ड करायचे. एकदा कापलं की कापलं, परत जुळत नाही.

मला हे कळतं, कारण निवृत्त होईपर्यंत मी कौन्सिलची फिरती लायब्ररी चालवली. पुस्तकांनी भरलेला ट्रक घेऊन या माळरानावरचे सगळे रस्ते बर्फात, धुक्यात पालथे घातले. क्लाइव्हला मी एकदा नाही, दर हिवाळ्यात म्हणायचे.

"अरे, तेवढं सस्पेन्शन बदलून घे. मागून ती लंगडी बाई चालावी तशी चालते."

"नेव्ह म्हणतो, कापलीस तर माझ्या दारात आणू नकोस."

"मग नको नेऊ त्याच्या दारात. तो काय तिचा बाप लागतो?"

"तुला नाही कळायचं ते," क्लाइव्ह म्हणायचा आणि चहा ओतून घ्यायचा. तो गरीब माणूस. भांडायचा नाही, पण मित्राला सोडायचाही नाही.

नेव्ह आमच्या जुन्या व्हॅनवाल्यांच्या क्लबचा परीक्षक. दर ईस्टरला एका शेतात सगळ्या व्हॅन जमतात आणि तिथे दोन रांगा लागतात. फाटकाजवळच्या पुढच्या रांगेत न कापलेल्या, कारखान्यातून आल्या तशाच राखलेल्या, आणि मागे, भाड्याने आणलेल्या संडासांच्या शेजारी, कापलेल्या. कुठली कुठे ते नेव्ह ठरवायचा. टॉर्च घेऊन प्रत्येक गाडीखाली पाठीवर सरपटत जायचा आणि ती आडवी नळी बोटांनी चाचपायचा. बाहेर येऊन काही बोलायचा नाही, नुसतं बोट दाखवायचा, पुढे किंवा मागे. घरदार असलेले मोठमोठे पुरुष त्या बोटाकडे श्वास रोखून बघत बसायचे. मला हसू यायचं तेव्हा.

क्लाइव्हची व्हॅन न कापलेली होती, पण तिला नेव्हने कधी रांगेचं पहिलं स्थान दिलं नव्हतं. आतलं सामान कारखान्याचं नाही, आणि मागून ती म्हातारपणाने बसलीये, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या वर्षी क्लाइव्हच्या मनाने घेतलं की एकदा तरी पहिलं स्थान मिळवायचं. नेव्ह दोन शनिवार आमच्याकडे आला. पहिल्या शनिवारी दोघांनी मिळून खाट, कपाट, सिंक सगळं उपटून बाहेर काढलं, कारण कारखान्यातून निघताना ती नुसती रिकामी मालाची व्हॅन होती. दुसऱ्या शनिवारी नेव्हने मागच्या बाजूची, स्प्रिंगचं काम करणारी पिळाची दांडी एक दाता फिरवून तिची पाठ वर उचलली, जुन्या जाहिरातीतल्या चित्रात होती तितकी. मागून हलकी झालेली आणि वर उचललेली गाडी. चाकं आधीच खालून आत वळलेली, दुमडायच्या तयारीत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हटलं, "नेव्ह, ही अशी बरी दिसत नाही मला." तो म्हणाला, "ग्लेंडा, अशीच असते ती. तू ओटकेक भाज." मी ओटच्या पिठाची ती धिरडी भाजली, आणि दोघांनी बेकन घालून खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात, पावसात, बक्स्टनहून परत येताना रेव्हन्सलोच्या वळणावर क्लाइव्हला घेऊन ती उलटली.

मागून येणाऱ्या दुधाच्या टँकरवाल्याने सांगितलं की वेग ताशी पंचेचाळीस मैलांच्या आसपास होता, वळणात मागचे दिवे एकदम वर उचललेले दिसले आणि गाडी कलंडली. कॉरोनरला जुन्या गाड्यांमधलं काय कळणार, म्हणून त्यांनी जाणकार म्हणून नेव्हला उभा केला. तिथे तो कोट घालून म्हणाला, "त्या वेगाला, तसल्या ओल्या रस्त्यावर कुठलीही गाडी उलटलीच असती. आस कुठलाही असता तरी." पाठ वर उचलल्याचं त्याने सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंही नाही. कॉरोनरने लिहिलं, जास्त वेग.

झालं. तेव्हापासून गावात क्लाइव्ह म्हणजे गाडी उडवणारा माणूस. रस्त्यात मेंढी दिसली तर इंजिन बंद करून तिची विचारपूस करणारा माझा नवरा. चर्चच्या पायरीवर एका बाईने माझा हात धरून सांगितलं, "पुरुषांना समजत नाही गं, वय झालं तरी जोरात चालवतात." मी हात सोडवून घेतला, नाहीतर तिला ढकलली असती. त्या दिवशी मी ठरवलं की ते वाक्य मी नेव्हच्या घशात परत घालणार. तो त्याच्या तोंडाने म्हणेल की आस बदलला असता तर क्लाइव्ह वाचला असता. मला बाकी काही नको होतं. त्याची माफीही नको होती.

महिनाभराने नेव्ह दारात आला, टोपी हातात. "ग्लेंडा, व्हॅन भंगारात देऊ नकोस. मी उभी करतो तिला. क्लाइव्हसाठी."

मी म्हटलं, "कर ना. तुझ्याशिवाय कोण करणार?"

त्याने दोन हिवाळे तिच्यात घातले. चेपलेलं छप्पर उतरवून हॉलंडमधून जुनं आणलं, दारं सरळ केली, मूळचा निळा रंग मिळावा म्हणून हिशेबाबाहेर खटपटी केल्या. मी दर आठवड्याला त्याच्या शेडमध्ये ओटकेक घेऊन जायचे, चीज घालून, तव्यावरून उतरलेले. तो खायचा आणि म्हणायचा, "तू माझ्यावर रागावली असशील असं वाटायचं मला." मी म्हणायचे, "कशाला रागावू?" मी त्याला बोकडासारखा पोसत होते. गाडी जितकी नीट होईल तितकं त्याला पुढचं झोंबेल, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते हिवाळे मला छान गेले, खोटं कशाला बोलू.

ईस्टरला त्याने ती स्वतः चालवत शेतात आणली आणि पहिल्या रांगेत पहिली लावली. जे क्लाइव्हला जिवंतपणी मिळालं नाही ते. लोक टाळ्या वाजवत होते. नेव्हचे डोळे भरून आले होते. मी थर्मास खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "झकास झालीये, नेव्ह. आता हिचा मागचा आस काढ आणि नवं सस्पेन्शन बसव."

तो हसला. "अशी थट्टा करतात का, ग्लेंडा?"

"मी कधी केलीये तुझी थट्टा?"

"अगं पण ही न कापलेली आहे. पूर्ण परगण्यात अशी दुसरी नाही."

"म्हणूनच तर. मला ती चालवायचीये, आणि मी भित्री बाई. मला त्या आसाची भीती वाटते."

"भित्री? तू?" मागून कुणीतरी खुसखुसलं.

"मी नाही कापणार," नेव्ह म्हणाला. "दुसरं काहीही सांग."

"नको कापू. चेडल गावात सायलेन्सर बसवणारा तो दाढीवाला आहे ना, त्याला मी विचारून ठेवलंय. सोमवारी गॅसकटर घेऊन येतो म्हणाला. जेवायच्या आत उरकतो म्हणाला."

नेव्हचा चेहरा उतरला. "गॅसने? अगं नळी तापून वाकेल. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत येणार नाहीत. जन्मभर खेकड्यासारखी तिरकी चालेल ती."

"चालेना का तिरकी. मला कुठे लंडनला जायचंय."

सगळा क्लब त्याच्याकडे बघत होता. विधवेला नाही कसं म्हणणार, आणि ती व्हॅन त्या दाढीवाल्याच्या हाती कशी देणार. या लोकांची जात मला चांगली माहीत आहे. कापणं पाप, पण वाईट कापणं त्याहून मोठं पाप. नेव्ह टोपी फिरवत उभा राहिला आणि शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याला हात लावू देऊ नकोस. मी करतो."

मी त्याच्या शेडमध्ये घडीची खुर्ची नेऊन टाकली. "मी बसले तर चालेल ना?" मी विचारलं.

स्टोकच्या भंगारवाल्याकडून त्याने सत्तरच्या दशकातल्या एका व्हॅनचे दांडे, गिअरबॉक्स आणि सांधे असलेले आस आणले. नवे कान नेमके कुठे बसवायचे ते धरून ठेवायला लोखंडी सापळा स्वतः बनवला. मग जुना आस उतरवला, नळी घासून पांढरी केली, खडूने खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. ग्राइंडर हातात घेऊन तो गाडीखाली आडवा झाला आणि नुसता पडून राहिला.

"काय रे, पाद्री बोलावू का?" मी विचारलं. "शेवटची प्रार्थना म्हणून घेऊ."

"ग्लेंडा, जरा गप्प बस."

"मी बसलेलीच आहे. तूच आडवा आहेस."

मग ग्राइंडर सुरू झाला आणि पहिली ठिणगी भिंतीवर गेली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चष्म्याच्या आत पाणी होतं. मला बरं वाटलं. माझ्या छातीवरून कुणीतरी पोतं उचलल्यासारखं बरं वाटलं.

काम मात्र त्याने असं केलं की नावं ठेवायला जागा नाही. बोटभर वेल्ड करायचा, थांबायचा, थंड होऊ द्यायचा, मग दुसऱ्या बाजूला बोटभर. नळी केसभरही वाकू दिली नाही. काढलेला जुना आस त्याने घोंगडीत गुंडाळून फळीवर ठेवला, कधीकाळी कुणाला परत बसवायचा असेल तर म्हणून. मी तो उतरवायला लावला आणि त्याच्याच हातांनी भंगाराच्या डब्यात टाकायला लावला. टाकताना तो दोन हातांनी टाकत होता, बाळ पाळण्यात ठेवावं तसा.

दरम्यान त्याची बायको डॉरीन माझ्या घरी आली. आम्ही दोघी एकाच शाळेतल्या. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"अगं, सोड ना त्याला आता. जेवत नाही, रात्री उठून शेडमध्ये जाऊन बसतो. काय केलंय त्याने तुझं?"

"त्यालाच विचार."

"विचारलं. म्हणतो, काही नाही."

"मग काही नसेल."

"तू फार कडक झालीस गं, ग्लेंडा."

"मला कुणी विचारून केलं नाही, डॉरीन. चहा घेणार?"

तिने चहा घेतला नाही. मी एकटीने घेतला, आणि बिस्किटही घेतलं.

गाडी तयार झाल्यावर मी पावसाची वाट पाहिली. आमच्याकडे त्याची वाट फार बघावी लागत नाही. एका मंगळवारी सकाळपासून सरी लागल्या तेव्हा मी नेव्हला फोन केला. "चल, तुझं काम कसं झालंय ते बघू." तो चांगला कोट घालून आला. त्याला वाटलं असेल, गावाबाहेर एक फेरी, मग माझ्या हातचा चहा, आणि सगळं मागे पडलं.

मी बक्स्टनचा रस्ता धरला. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "इकडून कशाला?"

"रस्ता चांगलाय."

"ग्लेंडा, मागे फिरव."

"तू कॉरोनरला काय सांगितलंस, नेव्ह? आठवतंय?"

वर जाऊन मी गाडी फिरवली आणि क्लाइव्ह ज्या बाजूने आला होता त्या बाजूने उतरू लागले. काटा पंचेचाळीसवर आला. रेव्हन्सलोच्या वळणात शिरल्यावर, अगदी मधोमध, मी पेडलवरचा पाय उचलला.

मागची बाजू उचलली गेली, ते मला पाठीत कळलं. गाडी किंचित बाहेर सरकली आणि तशीच, ओल्या रस्त्याला धरून, वळणातून बाहेर आली. चाकं सरळ. माझ्या पर्समधल्या किल्ल्याही खाली पडल्या नाहीत.

मी नेव्हकडे पाहिलं. या एका चेहऱ्यासाठी मी इतकी वर्षं ओटकेक भाजले होते. तो पांढराफटक पडला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"पुन्हा घे," तो म्हणाला.

"काय?"

"एका वेळेने काही सिद्ध होत नाही. पुन्हा घे. जरा जोरात."

मी पुन्हा घेतलं. पन्नासने. मधोमध पाय उचलला. गाडी जराशी कुरकुरली आणि बाहेर आली.

"पुन्हा," तो म्हणाला. "तू पाय हळू उचलतेस. क्लाइव्हने झटकन उचलला असणार. मेंढी आली असेल आडवी."

मी तिसऱ्यांदा झटकन उचलला. गाडीला काही झालं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस मनातल्या मनात देवाकडे काय मागतोय. त्याला ती उलटायला हवी होती. आम्ही दोघं आत असताना. एकदा उलटली असती तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि तो सुटला असता, मेला असता तरी सुटला असता.

मी रस्त्याकडेच्या भिंतीपाशी गाडी थांबवली आणि उतरले. "मला नाही जमत आता," मी म्हटलं. तो सरकून स्टिअरिंगवर बसला.

"ग्लेंडा, तू इथेच थांब."

मी अडवायला हवं होतं का, कोण जाणे. मी अडवलं नाही. दगडी भिंतीला टेकून, डोक्यावर पिशवी धरून मी उभी राहिले. तो वर गेला, फिरला आणि खाली आला. मला आधी इंजिन ऐकू यायचं, मग पावसातून ती निळी व्हॅन यायची, माझ्याहून दहा पावलांवर वळणात शिरायची, आणि मला मागची चाकं दिसायची. तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात येत होता. प्रत्येक वेळी पाय झटकत होता. चाकं सरळच्या सरळ. खिडकीत त्याचं तोंड दिसायचं, दात आवळलेले.

आणि मी तिथे उभी राहून म्हणत होते, उलट. आता तरी उलट. हे मी मनात म्हणत नव्हते, तोंडाने म्हणत होते. नेव्ह मरावा म्हणून म्हणत होते असं सांगितलं तर सोपं होईल, पण तसं नव्हतं. ती एकदा उलटली असती, तर क्लाइव्हची वेळ भरली होती, त्याला कुणीच वाचवू शकलं नसतं, असं म्हणून मी घरी जाऊन रडू शकले असते. इतके दिवस नेव्हला खोटं पाडायच्या नादात मला कळलंच नव्हतं की तो खोटा ठरला तर मलाही काय सोसावं लागणार. दर फेरीला ती गाडी माझ्यासमोरून सुखरूप निघून जायची, आणि दर फेरीला क्लाइव्ह तिच्यात बसलेला असायचा, घरी चहाला निघालेला.

शेवटी नेव्हने गाडी भिंतीपाशी आणली आणि बंद केली. काच खाली केली. पाऊस आत त्याच्या चांगल्या कोटावर पडत होता.

"मी तिची पाठ उचलली होती," तो म्हणाला. "आणि तो आस मी बदलू दिला नाही. तो वाचला असता, ग्लेंडा. आरामात वाचला असता."

मला हवं होतं ते सगळं होतं त्यात, वर थोडं जास्तच. मी म्हटलं, "ऐकलं मी. सरक, मी चालवते."

लीक येईपर्यंत तो तेच म्हणत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने कॉरोनरकडे जाऊन सगळं लेखी दिलं. क्लबच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. परीक्षकपण सोडलं. ओटकेकच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या लोकांना सांगितलं, त्यांनी विचारलेलं नसताना. आता क्लाइव्ह गाडी उडवायचा असं कुणी म्हणत नाही. चर्चच्या पायरीवरची ती बाई मला बघून पलीकडून जाते. मी जिंकले, म्हणायला हरकत नाही.

पण नेव्ह थांबत नाही. दर रविवारी, चर्चनंतर, तो माझ्या दारात येतो. आत ये म्हटलं तरी येत नाही. टोपी काढून हातात धरतो आणि म्हणतो, "ग्लेंडा, तो वाचला असता." सुरुवातीला मी मान हलवायचे. मग म्हटलं, कळलं रे मला. मग म्हटलं, नेव्ह, पाया पडते, पुन्हा म्हणू नकोस. तो म्हणाला, "तुला ऐकायचं होतं ना?"

गेल्या रविवारी मी दिवे घालवून जिन्यात बसून राहिले. तो दारातल्या पत्रपेटीच्या फटीशी वाकला आणि हळू आवाजात, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून, मला तेवढंच सांगून गेला.